चढलेली पट्टी

दर रविवारी संध्याकाळी नारायण पेठेत शरच्चंद्र दामल्यांच्या घरी पाच-सहा जण गाणं ऐकायला जमत. गायला नाही, फक्त ऐकायला. कोणी कपाटातली जुनी कॅसेट आणी, कोणी पेनड्राइव्ह. एकाच रागाच्या दोन-तीन मैफली पाठोपाठ लावायच्या आणि मग कोणती सरस यावर चहा गार होईपर्यंत वाद घालायचा, असा शिरस्ता होता.

कुसुमताई खरे त्यात पहिल्यापासून होत्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, कर्वेनगरला मुलगा आणि सुनेजवळ राहणाऱ्या. त्यांच्या कानावर सगळ्यांचा भरवसा होता. गवयाचा सूर केसभर कमी लागला तरी त्यांच्या कपाळाला आठी पडे, आणि ती आठी बघूनच दामले म्हणत, "लागला निकाल."

मधे सर्दी-तापाने त्या महिनाभर आजारी होत्या. बऱ्या होऊन आल्या त्या रविवारी यज्ञेश्वरबुवांचा मारवा ऐकायचं ठरलं होतं. आधी मेहबूबभाईंनी आणलेली कॅसेट लागली. मेहबूब बागवान खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते आणि ही खडकीतल्याच एका घरगुती बैठकीची कॅसेट होती. कुसुमताईंनी ती पूर्वी ऐकली नव्हती. त्यांना ती काही केल्या रुचेना. का, ते सांगता येईना. मारवा तसा अस्वस्थ करणारा राग, षड्जावर विसावूच देत नाही, म्हणून असेल असं त्यांना वाटलं.

मग दामल्यांनी बुवांची रेडिओवरची मैफल लावली. नागपूरच्या एका मित्राने ती नव्याने स्वच्छ करून पाठवली होती. ही मात्र कुसुमताईंना तोंडपाठ होती. तानपुरे सुरू झाले आणि त्या ताठ बसल्या.

"शरदराव, ही प्रत जोरात पळतेय. बुवा इतक्या वरच्या पट्टीत गात नसत."

"माझ्या कानाला तर ठीक वाटतंय," दामले म्हणाले.

"चांगला अर्धा सूर वर आहे. बंद करा ती."

इतरांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणाला काही खटकलं नव्हतं. मेहबूबभाई सावकाश म्हणाले, "ताई, अर्धा सूर म्हणजे फार झालं. आम्हाला कळलं असतं."

"तुम्हाला कळलं नाही, मला कळलं. चुकीच्या वेगाने उतरवलेलं गाणं ऐकायला मी कर्वेनगरहून येत नाही."

"पट्टी चढलीय खरी," दामले शांतपणे म्हणाले, "पण बुवांची नाही."

कोणीतरी हसलं. कुसुमताई चहा न घेता उठल्या.

घरी येताच त्यांनी स्वतःकडची कॅसेट काढली. तीच मैफल, वर्षानुवर्षं ऐकलेली. आता दूध का दूध होईल म्हणून त्यांनी बटण दाबलं, तर तीही वरच. शिवाय तानपुऱ्याचा षड्ज एक नव्हताच. एकाला लागून दुसरा, जरा वरचा, जणू दोन तानपुरे वेगवेगळे लावून कोणीतरी मुद्दाम एकत्र छेडत होतं. त्यांनी टेपरेकॉर्डर बंद केला, परत लावला. यंत्र बिघडलंय, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो दुरुस्तीला दिला. दुकानदाराने आतला रबरी पट्टा बदलून दिला आणि वर सांगितलं की पट्टा चांगलाच होता. आवाज तसाच राहिला. मग त्यांनी मोबाइलवर ऐकलं, सुनेच्या लॅपटॉपवर ऐकलं. कुकरची शिट्टी झाली की त्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहत. दारावरची घंटा स्वतःच वाजवून बघत.

"आई, कोणी आलंय का?" सुरुची, त्यांची सून, मीटिंगमधून उठून बाहेर आली.

"नाही. या घंटेचा आवाज बदललाय का गं?"

"सेमच आहे. आई, तुम्ही ओके आहात ना? काल जेवलाही नाहीत नीट."

"जेवले की." आणि त्या परत खोलीत गेल्या. पुस्तक उघडलं, मिटलं. कपाटातल्या कॅसेटी बाहेर काढून पुन्हा लावल्या. कशातच मन लागेना. चार माणसांसमोर आपण खोटं बोललो नव्हतो, जे ऐकलं तेच सांगितलं होतं, आणि तरीही काहीतरी निसटत होतं.

गुरुवारी मेहबूबभाईंचा फोन आला.

"ताई, रविवारपासून डोक्यातून जात नाही बघा. माझ्याकडे त्या रेडिओच्या मैफलीची आणखी एक प्रत निघाली. फोनवरच ऐकवतो. तुम्ही सांगा, वर आहे का."

त्यांनी फोन स्पीकरसमोर धरला. पलीकडून बुवांचा आवाज आला. कुसुमताई नेहमीप्रमाणे डाव्या कानाने ऐकत होत्या. आणि ती पट्टी बरोबर होती. अगदी जशी असायला हवी तशी.

"मेहबूबभाई, हीच. हीच बरोबर आहे."

ऐकता ऐकता हात अवघडला म्हणून त्यांनी फोन उजव्या कानाला लावला. बुवा त्याच ओळीवर होते, त्याच श्वासात होते, आणि एकदम अर्धा सूर वर गेले. कुसुमताईंनी फोन पुन्हा डावीकडे नेला. बुवा खाली आले. उजवीकडे नेला. वर गेले.

"ताई? ऐकताय ना?"

"ऐकतेय," त्या म्हणाल्या आणि पलंगावर बसल्या. "मेहबूबभाई, बिघाड कॅसेटीत नाही हो. माझ्यात आहे."

सुरुची त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं की त्या तापात उजव्या कानाला इजा झालेली दिसते. ऐकू थोडं कमी येतंय आणि तोच सूर दोन कानांना वेगवेगळा ऐकू येतोय. काहींचा कान हळूहळू सुधारतो, काहींचा नाही.

"माझा?"

"आत्ताच सांगता येणार नाही. थोडं आधी यायला हवं होतं. पण लोकांचं बोलणं नीट समजतंय ना? मग तशी काळजी करू नका."

परतताना रिक्षात सुरुचीने त्यांचा हात धरला. कुसुमताईंनी तो धरू दिला. बोलणं समजत होतं, तेच तेवढं समजत होतं.

तो रविवार त्यांनी चुकवला. पुढच्या रविवारीही त्यांचा जायचा विचार नव्हता. पण दुपारी मेहबूबभाई स्कूटर घेऊन दारात उभे राहिले. "चला. काही बोलू नका, नुसत्या बसा. बायकोने शिरखुर्मा दिलाय, तो मला तिथे एकट्याला न्यायला सांगू नका."

दामल्यांच्या घरी सगळे जरा जास्तच अदबीने बोलत होते. कुसुमताईंना ते सहन होईना. त्या सरळ म्हणाल्या, "शरदराव, तुमची प्रत बरोबर होती. माझा उजवा कान गेलाय. त्याला सगळंच वर ऐकू येतं. त्या दिवशी मी उगाच बोलले."

दामल्यांनी चष्मा काढून पुसला.

"प्रत बरोबर नव्हती," ते म्हणाले. "तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटरवर तपासली. किंचित जोरात आहे. अर्धा सूर नाही, पण आहे. तुम्हाला फोन करायला हवा होता. केला नाही."

"का?"

"तुम्ही नेहमी बरोबर असता, त्याचा कंटाळा आला होता, असं समजा."

कुसुमताईंना राग येईल असं सर्वांना वाटलं. राग आला नाही, पण शांतही वाटेना. मग त्या दिवशी आपण नेमकं काय ऐकलं होतं? ती खरी चूक, जी दुसऱ्या कोणाला ऐकू आली नाही, की फक्त स्वतःचा बिघडलेला कान? दोन्ही एकमेकांत असे मिसळले होते की आता वेगळे काढायची सोय नव्हती. त्यांनी दोन-तीनदा तसा प्रयत्न करून पाहिला. गणितात असं होत नसे.

"आज काय लावू?" दामल्यांनी विचारलं. "दुरुस्त केलेला मारवा आहे."

"नको. मला पाठ असलेलं काहीच नको. मी कधीच ऐकलेलं नाही असं काहीतरी लावा."

मेहबूबभाईंनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. कुणा दशरथ नावाच्या सारंगीवाल्याचं वादन होतं, लोणी काळभोरच्या एका देवळात कोणीतरी मोबाइलवर टिपलेलं. मागे भांडी वाजत होती, एक लहान मूल रडत होतं. सारंगी सुरू झाली आणि कुसुमताईंना ती दोन सारंग्यांसारखी ऐकू आली, एक जरा खाली, एक जरा वर. त्यांनी उजव्या कानावर हात नेला, क्षणभर तिथेच ठेवला, मग मांडीवर आणला.

दामले त्यांच्या कपाळाकडे बघत होते. आठी पडली होती आणि तिचा अर्थ काय ते त्यांना लावता येईना.

"कसं आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"माहीत नाही," कुसुमताई म्हणाल्या. "आवाज जरा वाढवा."