हाताकडे बघ

स्क्रू बोटाच्या पेराएवढा होता, आणि तो उरला होता. चार भोकांच्या ब्रॅकेटमध्ये कॅमेरेवाल्याने तीनच बसवले, चौथा स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला, "तीन पुरेत हो, काय हत्ती टांगायचाय का" म्हणाला आणि शिडी खांद्यावर टाकून निघून गेला. त्याला आता दोन महिने होत आले. दिवसभर चष्म्याच्या दुकानात तिळाएवढे स्क्रू चिमट्याने उचलणाऱ्या माणसाला उरलेला स्क्रू बघवत नाही. दर मंगळवारी, दुकान बंद असलं की, तो हा स्क्रू हातात घेतो, अंगठ्याने त्याचे आटे मोजतो आणि परत ठेवतो. शिडी आणून बसवून टाकायला दहा मिनिटं लागली असती. पण कॅमेरा पडलाच एखाद्या वाऱ्यात, तर पडू दे — असंही कुठेतरी होतंच. नाही कशाला म्हणायचं?

आज मंगळवारच, पावणेचार झाले होते. खिडकीतून त्याला बाबांची मान दिसत होती, पाठमोरी. व्हरांड्यातली खुर्ची त्यांनी स्वतःच काठीने ढकलत नेमक्या जागी नेली होती, दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि डोळ्यांवर चष्मा होता. त्यांच्या समोर अंगण, अंगणापलीकडे फाटक, फाटकाशेजारी गाडीची शेड आणि शेडच्या भिंतीवर दोन पुरुष उंचीवर कॅमेऱ्याचा तो पांढरा गोळा. चार वाजता दूरदेशी राहणाऱ्या बहिणीला तिकडे कामावर मधली सुट्टी होते. मग तिच्या फोनवरून गोळा हलतो. आधी फाटकाकडे वळतो, मग अंगणातून सावकाश फिरत व्हरांड्याशी येतो, थोडा खाली वाकतो आणि थांबतो. बाबा हात वर करतात. पंधरा-वीस मिनिटं चालतं ते. त्यानंतर बाबा चष्मा काढून ठेवतात आणि उघड्या डोळ्यांनी बसून राहतात, साडेसात वाजता मी दुकानातून येईपर्यंत.

तिच्यासाठी चष्मा. माझ्यासाठी उघडे डोळे. आणि चष्मा मी बनवलेला आहे.

बायको म्हणते, "कॅमेऱ्यावर जळणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय." म्हणू दे. ती शाळेतून सहाला येते, तिला चारचं काय माहीत?

खरं म्हणजे कॅमेरा निवडला त्यानेच. बाबा अंगणात पडले तेव्हा तो दुकानात होता, कुणा बाईच्या डोळ्यांतलं अंतर मोजत होता, आणि बाबा पाऊण तास तसेच पडून होते. शेजारच्यांनी उचललं. फोनवर बहीण रडली, मग म्हणाली, "दादा, मी तुला काही बोलत नाहीये. पण एक कॅमेरा बसवू या. निदान मी बघत तरी राहीन." निदान मी! म्हणजे घरात राहणारा बघत नाही, हे ठरलंच. मग तिचे मेसेज सुरू झाले — पावसात टिकणारा हवा, रात्री दिसणारा हवा, डावीकडे-उजवीकडे फिरणारा हवा, वर-खाली वाकणारा हवा, झूम हवा. फाटकावर नजर ठेवायला तर साधा, एका जागी बघणारा पुरला असता. तो तसं म्हणालाही. तर ती म्हणाली, "एका जागी बघणारा काय कामाचा? बाबा एका जागी बसतात का?"

दुकानदाराने तीन काढून दाखवले. याने आपल्या दुकानातून अक्षरांचा तक्ता गुंडाळून नेला होता. तो रस्त्यापलीकडच्या शटरला चिकटवला आणि एकेका कॅमेऱ्याला शेवटची ओळ वाचायला लावली. पहिल्याला जमेना. दुसऱ्याला झूम केलं की अक्षरं फुटत होती. दुकानदार हसून हसून बेजार झाला. "साहेब, याला नंबर काढून चष्मा द्या एक!" तिसऱ्याने शेवटची ओळ खाडकन वाचली. किंमत दीडपट होती तरी त्याने तोच घेतला, कारण बघायचंच असेल तर नीट बघावं, हा त्याचा धंद्याचा स्वभाव. म्हणजे तिला इतकी चांगली नजर मीच दिली. विकत घेऊन. वर शिडी धरून उभा राहिलो.

पहिल्या दिवशी तर गंमतच झाली. हलत्या माणसाच्या मागे आपोआप फिरायची सोय कॅमेरेवाल्याने चालू ठेवली होती. बाबा खुर्चीत स्थिर बसलेले, आणि हा वायरी आवर, पसारा उचल करत अंगणभर फिरतोय, तर गोळा सतत याच्याच मागे! याला क्षणभर... लाज वाटते सांगायला, पण बरं वाटलं. कुणीतरी आपल्याकडे मान वळवून बघतंय असं. तोच बाबा ओरडले, "अरे, तू हलू नकोस! तू हललास की ती तिकडे बघते." त्याने फोन काढून ती सोय बंद करून टाकली आणि आत निघून आला.

'अरे' हे माझं नाव. तिचं नाव भिंगरी. लहानपणी ती एका जागी ठरत नसे म्हणून बाबांनी ठेवलेलं. आता कॅमेराच भिंगरी झाला आहे.

आणि त्या खुणा. बाबांनी सगळी नोकरी गोदीत काढली, खाली उभं राहून वरच्या क्रेनवाल्याला हाताने खुणा करण्यात. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. बोट खाली करून फिरवलं की सोड. हात लांब करून बोट दाखवलं की त्या बाजूला वळ. पंजा पालथा करून आडवा हलवला की थांब. आणि एका हाताच्या खुणेवर दुसरा हात नुसता स्थिर धरला की हळू, जपून. गोदीच्या गोंगाटात तोंडाचा काही उपयोग नाही, बाबा सांगायचे. वरची खोली बांधताना त्यांनी गच्चीला कप्पी लावली होती, वाळूची बादली वर ओढायला. तेव्हा तो दहा वर्षांचा होता, आणि दोर आधी त्याच्याच हातात दिला होता. त्याच्याच! हे बहिणीला आठवतसुद्धा नसेल. खाली बाबा उभे, ऊन तोंडावर, एक डोळा बारीक केलेला, आणि ते सगळंच्या सगळं तोंड वर, माझ्याकडे, फक्त माझ्याकडे... बोटाची खूण केव्हाच बदलली होती. बादली कठड्याला आपटली, दोर सुटला, वाळू बाबांच्या पायाशी सांडली. "हाताकडे बघ! तोंडाकडे काय बघतोस?" दोर गेला सहा वर्षांच्या भिंगरीकडे. तिने एक कणही सांडला नाही. नंतर कित्येक वर्षं दोघं अंगणभर खुणांनी बोलायची आणि हसायची. तो खिडकीतून बघायचा. याच खिडकीतून. सगळ्या खुणा त्याला पाठ आहेत, कुणी विचारलं नाही इतकंच.

कॅमेऱ्यातून बोलताही येतं, पण डब्यातून आल्यासारखा तो आवाज बाबांना नको वाटला. म्हणून बाबा बोलतात, ती ऐकते आणि गोळा हलवून उत्तर देते. हळू बोलतात, खिडकीपर्यंत पोचत नाही, म्हणून ते काय बोलतात हे त्याने कधी ऐकलं नव्हतं. ॲप त्याच्याही फोनवर होतं, पण इतका खाली तो उतरला नव्हता.

चारला दोन मिनिटं असताना फोन वाजला. बहिणीचा मेसेज. दादा, आज मीटिंग आली आहे, जमणार नाही. बाबांना सांगशील? वाट बघतील.

तो स्क्रू ठेवून व्हरांड्यात गेला. सांगायलाच गेला होता, शपथेवर. पुढे होऊन त्यांच्यासमोर उभा राहिला.

"बाबा —"

"अरे, सरक जरा. तिची नजर अडते."

इतकंच. रागाने नाही, माशी हाकलावी तसंही नाही, अगदी साधं. तो सरकला आणि आत आला. खिडकीशी उभा राहिला. समोर बाबांची पाठमोरी मान, कानांमागे वळलेल्या चष्म्याच्या काड्या. चार वाजून एक मिनिट. दोन. मान जराशी पुढे झाली. चार वाजून चार... आणि त्याने ॲप उघडलं.

त्याने आधी गोळा फाटकाकडे वळवला, ती वळवते तसा. मग अंगण... फार झपकन गेला, थांबवला, पुन्हा सावकाश. पडद्यावर व्हरांडा आला, खुर्ची आली, आणि खुर्चीत बाबा. खिडकीतून पाठ, हातात तोंड. बाबांनी हात वर केला.

"आलीस? उशीर केलास गं आज."

त्याने गोळा खाली-वर केला. हो.

बाबांनी हात लांब करून बोट दाखवलं. वळ. तो वळला. कुंपणाशी काल रंगवलेलं नवं फळकूट त्यांना दाखवायचं होतं. बोट वर, गोल. उचल. त्याने उचलला, वर फांदीत पक्ष्याने घरट्यासाठी काड्या जमवल्या होत्या. पंजा पालथा. थांब. तो थांबला. बोट खाली, आणि त्याच्यावर दुसरा हात स्थिर. हळू, जपून. तो इतका जपून उतरला की श्वाससुद्धा धरून ठेवला होता, आणि पडद्यावर बाबा हसले. "बस्स! वा!" दहा वर्षांच्या पोराला गच्चीवर ऐकू यायला हवं होतं ते चाळीस वर्षांनी स्वयंपाकघरात आलं. दुसरीच्या नावावर. तरी आलं. आनंद झाला हे खोटं कसं म्हणू?

मग त्याने झूम केलं. हात चौकटीबाहेर गेले आणि फक्त तोंड उरलं. काचेवर माझं बोटसुद्धा उमटलेलं नाही इतका स्वच्छ चष्मा आणि त्यामागे डोळे, सरळ बघणारे. दर मंगळवारी तो या तोंडासमोर चार बोटांवर असतो. चष्मा पुसतो, स्क्रू आवळतो, परत चढवतो, कानामागे बोट फिरवून विचारतो, "टोचत नाही ना कुठे?" बाबा याच्या खांद्यावरून मागे शेडच्या भिंतीकडे बघत म्हणतात, "छान आहे." वर्ष झालं, एकदाही त्यांनी याच्याकडे बघितलेलं नाही. आणि हे बघणं! हिला रोज मिळतं हे, न मागता. जळून खाक व्हावं असं वाटलं.

"अगं, वळ ना," बाबा म्हणाले. हात बहुधा केव्हाचा लांब केलेला असणार. "हाताकडे बघ. तोंडाकडे काय बघतेस?"

तो हललाच नाही. मग बाबांनी चष्मा काढला आणि डावा कान पुढे दुमडून त्यामागची कातडी चोळली. पडद्यावर तिथे एक लाल, खोल खाच दिसत होती.

"हे बघ. वर्ष झालं, चावतो इथे. संध्याकाळपर्यंत नको होतं, काढूनच ठेवतो." आवाज खाली आणला त्यांनी. "दादाला बोलू नकोस हं. दर मंगळवारी विचारतो बिचारा, टोचत नाही ना? इतका जवळ येऊन बघतो गं तोंडाकडे, की मलाच कसंतरी होतं. कुठे बघावं कळत नाही. मग म्हणतो, छान आहे."

चष्मा हातात फिरवत म्हणाले, "मन लावून बनवलाय त्याने."

त्याने कॅमेरा फाटकाकडे वळवला, ती जाताना वळवते तसा, आणि फोन उपडा ठेवला. खिडकीतून बाबांची मान दिसत होती. गावभरच्या लोकांच्या कानामागचं मला न सांगता कळतं. बाई दुकानाची पायरी चढतानाच सांगतो, उजवी काडी घट्ट आहे. आणि इथे, वर्षभर, मी तोंडच बघत बसलो होतो. ही खाचसुद्धा तिलाच दाखवली, मला नाही... पण दाखवली नाही ती माझ्याचसाठी. हे कुठे ठेवायचं, ते त्याला समजत नव्हतं. मत्सर करायला आतापर्यंत बहीण होती, तिच्या जागी आता तो स्वतःच उभा होता.

पाच वाजता बहिणीचा मेसेज आला. सांगितलंस ना? उद्या चारला नक्की.

म्हणजे उद्या चारला बाबा म्हणणार, काल सांगितलं ना तुला. ती रात्री मला फोन करून म्हणणार, काल मी नव्हतेच.

सहाच्या आधी त्याने नेहमीप्रमाणे पेल्यात कढत पाणी घेतलं, मऊ फडकं घेतलं, छोटा पेचकस घेतला आणि व्हरांड्यात बाबांसमोर स्टूल ओढून बसला. बाबांनी चष्मा पुढे केला. "घे."

त्याने काचा पुसल्या. दोन्ही स्क्रू बघितले, आवळायची गरज नव्हती तरी जरा आवळले. मग डावी काडी बोटावर तोलली. केसभर जास्त वाकलेली होती. हाताला लगेच लागलं ते. कढत पाण्यात बुडवून अंगठ्याने एकदा दाबली की झालं. सकाळी चावणार नाही, आणि चार वाजायच्या आतच बाबांना कळेल, काल भिंतीवरून कोण बघत होतं. नाही केली सरळ, तर खाच आणखी खोल जाईल, पण निदान एखाद्या मंगळवारी, तिची मीटिंग असताना...

"टोचत नाही ना कुठे?" त्याने विचारलं. आवाज नेहमीचाच आला.

"छान आहे."

काडीचं टोक पाण्यात होतं. वाफ त्याच्या बोटांना लागत होती. समोर बाबांचे उघडे डोळे होते, पण त्याने त्यांच्याकडे बघितलं नाही. तो खाली बघत होता. बाबांच्या मांडीवर एका हाताचं बोट सुटं पडलेलं होतं, आणि त्यावर दुसरा हात होता, पालथा, स्थिर. हळू, जपून, की नुसतेच दोन म्हातारे हात? अंगठा काडीवर ठेवून तो त्या हातांकडे बघत राहिला.