बाहेर काही जात नाही

आमची आक्का टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. त्या काळी परगावच्या माणसाशी बोलायचं तर आधी आक्काशी बोलावं लागे. ती एक वायर उपसून दुसरीकडे खोचायची आणि म्हणायची, "बोला." लोक बोलत. आक्का ऐके. नियमाप्रमाणे ऐकायचं नसे, पण लाइन नीट लागलीय की नाही हे ऐकल्याशिवाय कळणार कसं, असा तिचा मुद्दा होता. आणि लाइन नीट लागल्याची तिची खात्री संभाषण संपेपर्यंत काही होत नसे.

त्यामुळे कंप्युटर आपल्या घरातलं परस्पर कुणाला तरी कळवतो, हे तिला कुणी पटवून द्यावं लागलं नाही. पुराव्याआधीच तिला ते पटलं होतं. ऐकणाऱ्याला किती गोडी लागते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

कंप्युटर जेवणाच्या खोलीत, कोपऱ्यात. सगळ्या घराचा मिळून एकच. त्यावरची ऑपरेटिंग सिस्टिम म्हातारी झाली, यापुढे तिची डागडुजी होणार नाही, अशी सूचना येऊ लागली. माझा भाचा, म्हणजे आक्काचा मुलगा, दातांचा डॉक्टर. तो म्हणाला की त्याच कंपनीची नवी टाकून देतो. टाकायला बसला, तर मागे चष्मा लावून आक्का उभी. पडद्यावर विचारलं होतं की तुमचा अनुभव अधिक चांगला व्हावा म्हणून आम्ही माहिती घेऊ का. खाली दोन बटणं होती: सगळी माहिती पाठवा, किंवा आवश्यक तेवढीच पाठवा. काहीच पाठवू नका, हे बटण आक्काने पुष्कळ शोधलं.

"म्हणजे चोराने विचारायचं, बाई, टीव्ही नेऊ की फ्रिज?" ती म्हणाली.

भाच्याने 'आवश्यक तेवढीच' दाबलं. दिवसभर दुसऱ्यांना तोंड उघडायला सांगून घरी येणारा माणूस; स्वतःचं उघडायची त्याला उसंतच मिळालेली नाही.

मग आक्काने इंटरनेटच्या राउटरसमोर खुर्ची टाकली. कंप्युटर चालू, पण सगळे प्रोग्रॅम बंद, कुणाचा कशाला हात नाही, आणि राउटरचा हिरवा दिवा तरीही लुकलुकतोय. मी रोजच्यासारखा चहाला गेलो होतो. मलाही एक खुर्ची मिळाली. "बघ धाकट्या," ती म्हणाली, "कुणी नंबर फिरवला नाही आणि लाइन चालू."

त्याच आठवड्यात तिने लिनक्स टाकलं, कुठल्याच कंपनीच्या मालकीची नसलेली सिस्टिम. व्हिडिओ बघून बघून, एकटीने. काम सोपं नव्हतं. मधे प्रिंटर रुसला, स्पीकर मुका झाला, पण माघार घेईल ती आक्का कसली. झाल्यावर तिने पुन्हा खुर्ची टाकली. दिवा शांत होता. प्रत्येकाला वेगळं खातं, वेगळा पासवर्ड, आणि सगळ्यांच्या वर व्यवस्थापक म्हणून आक्का स्वतः. "आता या घरातून बाहेर काही जात नाही," असं तिने जेवताना जाहीर केलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आक्काच्या सूनबाईने जरा जास्तच डोलावली.

त्याला कारण होतं. सूनबाई विमा कंपनीत दावे तपासते. लोक स्वतःच्या गाडीच्या अपघाताची काय काय वर्णनं लिहितात ते वाचून वाचून तिला विनोदाची दृष्टी आलेली. रेडिओच्या एका स्पर्धेसाठी ती विनोदी मालिका लिहीत होती, आणि मालिकेत एक सासू होती. मी जन्मभर वर्तमानपत्रांतून लोकांच्या खोड्या काढल्या, म्हणून फक्त मला तिने विश्वासात घेतलं होतं. बाकी कुणाला कळता कामा नये. "आईंना कळलं ना मामा, तर पुढचा एक शब्द माझ्याच्याने लिहवणार नाही," ती म्हणाली होती. आणि शेवटचे दोन भाग लिहायचे राहिले होते.

इकडे जेवणाच्या टेबलावर काहीतरी बदललं. सूनबाईने खिडकीच्या पडद्यांचं नाव काढलं नव्हतं, आणि आक्का वाढता वाढता म्हणाली की निळे घेऊ नकोस, उन्हाने विटतात. दोन दिवसांनी ती म्हणाली की गुडघा दुखत असेल तर डॉक्टरला दाखवावं, वाचत काय बसायचं. भाच्याला तर तिने सरळच सांगितलं की दवाखान्यात पेशंट नसताना बुद्धिबळ खेळणं वेगळं आणि घरी आल्यावरही तेच खेळून हरणं वेगळं.

मग एका रविवारी दुपारी सूनबाईने मला नव्या भागाची छापील पानं आणून दिली. मी वाचली आणि खूश झालो. आधीच्या भागांतली सासू जरा पुठ्ठ्याची होती, 'चहात साखर कमी आहे' छापाची. ही मात्र जिवंत बाई होती. ती सुनेला म्हणत होती, "चहा छान झालाय हो. पाणी तापवायला फार कष्ट पडले असतील." आणि पुढे, "झोप तू. आवाज न करता भांडी घासायची मला सवय आहे."

हे फार वरच्या दर्जाचं झालंय, असं मी तिला म्हणालो. ती पानं घेऊन बघत राहिली.

"मामा, हे मी लिहिलेलं नाही."

छापताना तिने पुन्हा वाचलं नव्हतं. मला मात्र लगेच उलगडा झाला. एक्स्चेंजमध्ये आक्काला दोनदा ताकीद मिळाली होती आणि दोन्ही वेळा ऐकल्याबद्दल नव्हे. बोलणारे चुकू लागले की तिला राहवत नसे, मधेच ती म्हणायची, "अहो, ती गाडी आता तिथे थांबत नाही."

रात्रीच्या जेवणाला मलाही बोलावणं आलं, साक्षीदार म्हणून. सूनबाईने पानं टेबलावर ठेवली. आक्का आमटी वाढत होती, ती वाढतच राहिली. नाकारलं मात्र नाही. व्यवस्थापकाला सगळी खाती उघडता येतात, ती नीट चालतात का हे उघडल्याशिवाय कळणार कसं, वगैरे. शिवाय कुठलीच सासू 'साखर कमी आहे' इतकं सरळ बोलत नाही, हे तिला सहन झालं नाही. आणि बाहेर तर काही गेलेलं नाही. घरातली गोष्ट घरातच आहे.

"मला त्या कंपनीचीच सिस्टिम परत हवी," सूनबाई म्हणाली.

आक्काचा डाव हवेतच थांबला. "परक्यांनी बघितलेलं चालेल तुला?"

"आई, ती कंपनी निदान जेवताना विषय काढत नाही."

भाचा हसला. जेवताना हसू नये हे त्याला व्यवसायाने माहीत होतं, पण हसला, आणि ठसका लागून पाणी प्यायला उठला. आक्का मात्र हसली नाही. ती राउटरच्या दिव्याकडे बघत होती. सून कंपनीकडे चाललेली तिला दिसत होती.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा कंप्युटर सूनबाईच्या खोलीत हलला होता. आक्काने तिची फाइलींची जागा अशी बांधून दिली की सूनबाईच्या पासवर्डशिवाय कुणालाच, व्यवस्थापकालाही, आतलं अक्षर लागू नये. पासवर्ड घालायच्या वेळी आक्का भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. "विसरलीस तर मीसुद्धा काही करू शकणार नाही," ती भिंतीला म्हणाली. सूनबाई म्हणाली, "तेच हवंय."

त्यानंतर दार बंद होऊ लागलं. आक्का बाहेर मटार सोलत बसे. मटार संपले तरी बसे. पडद्यांचा विषय नाही, गुडघ्याचा नाही. भाचा खुशाल हरत होता. मालिका पुरी होतेय की अडलीय हे कुणालाच कळेना, मलाही नाही, कारण मला पानं येणं बंद झालं होतं.

आणि मग एका संध्याकाळी दार किलकिलं झालं. सूनबाईने डोकं बाहेर काढलं.

"आई, एक विचारू? समजा, सुनेने दाराला कडी घातली. सासू काय म्हणेल?"

आक्काने एक शेंग फोडली, दाणे बघितले, वाटीत टाकले. घाई अजिबात केली नाही.

"काही म्हणणार नाही. बाहेरून विचारेल, कडी नीट बसते ना गं? नाहीतर सुताराला बोलावते."

सूनबाई तिथेच दाराला टेकून हसत सुटली. मग आत गेली, आणि कीबोर्डचा आवाज सुरू झाला. तो बराच वेळ थांबला नाही.

मी आक्काला विचारलं, "वाचायला मिळणार का तुला?"

"दाखवील तेव्हा वाचीन," आक्का म्हणाली, आणि रिकाम्या शेंगा पुन्हा एकदा चाचपून बघू लागली.