पिक अपचे सात अर्थ

थोरली जाऊ त्या हॉटेलात अकरा वर्षं चादरी-टॉवेलांची खोली सांभाळत होती. धाकटीला तिथे चिकटवलं तेही तिनंच. पण दीड वर्षात धाकटी थेट पुढच्या काउंटरवर जाऊन बसली. कारण एकच, इंग्रजी.

थोरलीनं इंग्रजीचा रीतसर क्लास केला होता. एकट्या 'पिक अप'चे सात अर्थ तिला पाठ होते. पडलेलं उचलणं, फोन घेणं, कुणाला आणायला जाणं, आजार लागणं, धंद्यानं जोर धरणं, गाडीनं वेग घेणं, ऐकून ऐकून शिकणं. पण पाहुणा समोर आला की तिची दातखीळ बसायची. धाकटीला वाचायला धड येत नव्हतं, बोलायची मात्र फाडफाड.

"बघा हिनं कसं पटकन पिक अप केलं!" मॅनेजर सगळ्यांदेखत म्हणाले.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. सातवा अर्थ पाठ केला तिनं, आणि तो लागू पडला धाकटीला!

एका दुपारी धाकटी चिठ्ठी घेऊन चादरींच्या खोलीत आली. "ताई, बारा नंबरच्या बाई ठेवून गेल्यात. मदर, पिक अप, चार वाजता. म्हणजे काय गं?"

थोरलीला सगळं ठाऊक होतं. त्याच बाईंनी सकाळी तिच्याकडून जास्तीची उशी मागून घेतली होती, आई चारच्या बसनं येणार म्हणून.

"अगं, चारला त्यांच्या आईचा फोन येईल," ती घडी घालता घालता म्हणाली. "तेवढा उचल."

चार वाजले. थोरलीनं दारातून डोकावलं. धाकटी फोनवर हात ठेवून बसली होती, पाणी प्यायलासुद्धा उठत नव्हती. पाच मिनिटं थोरलीला बरं वाटलं. मग बसस्थानकावरची म्हातारी डोळ्यांपुढे आली आणि हातातली चादर टाकून ती टॅक्सी करून तिकडे धावली.

म्हातारी बाकावर पिशवी छातीशी धरून बसली होती, रडवेली. तिला घेऊन थोरली परतली, तर बारा नंबरच्या बाई आईची चौकशी करत आल्या होत्या आणि काउंटरपाशी मॅनेजर कडाडत होते.

"एवढी चिठ्ठी वाचता येत नाही? कुणाला विचारायचं तरी!"

"चुकलं माझं," धाकटी म्हणाली. थोरलीकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

थोरलीला तेच झोंबलं. इथेही हीच चांगली ठरणार!

"तिनं विचारलं होतं," ती म्हणाली. "मला. मी मुद्दाम खोटं सांगितलं."

थोरलीला लेखी ताकीद मिळाली. संध्याकाळी दोघी घरी निघाल्या.

"तुलाच का विचारलं माहितीये?" वाटेत धाकटी म्हणाली. "बाकीचे हसले असते मला."

थोरलीला वर बघवेना. "उद्यापासून अर्धा तास लवकर निघू," ती कशीबशी म्हणाली. "वाचायला शिकवते तुला."

धाकटी हो म्हणाली नाही. पण सकाळी अर्धा तास आधीच चपला घालून दारात उभी होती.