वहिनी कधी बसल्याच नाहीत

मित्रांनो, संग्रहालयात लाल दोरीच्या आत, दिव्याच्या झोतात ऐटीत उभी असलेली वेताची जुनी खुर्ची पाहिलीत ना? तीच मी. समोर पाटी आहे, 'थोर क्रांतिकारकांची खुर्ची'. शाळांच्या सहली येतात, दंगा करणारी मुलंही माझ्यापुढे गप्प होतात. आणि मला वाटतं, धरणी दुभंगावी आणि चारही पायांसकट मला पोटात घ्यावं. का, ते ऐका.

सुताराच्या हातून सुटून मी दोन खोल्यांच्या एका घरात आले. घरधन्याला सगळे दादा म्हणत, म्हणून त्यांच्या बायकोला वहिनी. घरात खुर्ची एकच, मी! बाकी मंडळी सतरंजीवर. दादा माझ्यावर बसून बोलू लागले की अंगावर काटा यायचा, लाकडाच्या अंगावरसुद्धा. उद्या कुणी वर नाही, कुणी खाली नाही, सगळे सारखे, असं ते सांगत. टाळ्यांचा पाऊस पडे. वहिनी तेव्हा दाराच्या चौकटीला टेकून उभ्या असत, हातात चहाचा ट्रे. मला ते खटकलंसुद्धा नाही हो. मी आपली फुगून बसलेली.

मग दादा तुरुंगात गेले आणि टाळ्या वाजवणारे हात कुठे गायब झाले कोण जाणे. चूल तर पेटायला हवी! वहिनींनी माझी फाटकी बैठक उसवली, कुठली पट्टी कुठून जाते ते नीट पाहिलं आणि वेत भिजवून स्वतः विणायला घेतला. पहिली जाळी अशी वाकडी झाली, की त्या स्वतःच खो खो हसल्या. पुन्हा उसवली, पुन्हा विणली. बोटं चिरली, पण हात बसला. मग अख्ख्या गल्लीच्या खुर्च्या त्यांच्याकडे येऊ लागल्या. दवाखान्यातल्या, शाळेतल्या, न्हाव्याच्या दुकानातल्या. जगाला बसायला जागा करून द्यायची आणि आपण जमिनीवर बसून विणायचं, हा त्यांचा धंदा.

एक दिवस झडती आली. चळवळीच्या झेंड्यावर बंदी होती आणि तो आमच्याच घरी होता. सापडला असता तर वहिनीही तुरुंगात गेल्या असत्या, पोटातल्या बाळासकट. पण वहिनींनी माझी बैठक दुहेरी विणली होती आणि मधे झेंड्याची घडी घातली होती. अंमलदाराने डबे उपडे केले, गाद्या फाडल्या आणि शेवटी घाम पुसत बसला. कुठे? माझ्यावर! झेंड्यावर बसून तो झेंडा कुठे आहे म्हणून दरडावत होता.

"शोधा की," वहिनी म्हणाल्या. "दमला असाल तर बसून शोधा."

तो गेला तेव्हा दुपार कलली होती. वहिनी तोवर उभ्याच, पाय सुजून टम्म. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. आता बसतील, मला वाटलं. तेवढ्यात न्हावी त्याची खुर्ची न्यायला आला आणि वहिनी वळल्या.

पुढे दादा सुटले, राज्य बदललं. सभांमधून झेंड्याची गोष्ट गाजली. आधी दादा म्हणत, "आम्ही लपवला." मग म्हणू लागले, "मी लपवला." तुरुंगातला माणूस घरात झेंडा कसा लपवील, हे एकानेही विचारलं नाही. दारातल्या वहिनी थोडंसं हसल्या. आणि मी? माझं नाव झालं म्हणून मी खूश! कुणी माझ्यावर थुंकलं असतं तरी कमीच.

गेल्या आठवड्यात वहिनी इथे आल्या. पाठ वाकलेली, नातीचा हात धरलेला. दादा जाऊन बरीच वर्षं झाली. पहारेकऱ्याने मुलांना दादांच्या युक्तीची गोष्ट सांगितली, तीही वहिनींनी उभ्यानेच ऐकली. मग हळूच विचारलं, "जरा टेकू का हिच्यावर?"

"नाही हो आजी. कुणालाच बसू देत नाही. दादांची खुर्ची आहे."

नातीने तोंड उघडलं, पण आजीने तिचा हात दाबला. "बरं. पण हा कोपरा सुटलाय, बघा. आज नीट केला नाही तर सगळी जाळी उसवेल."

पहारेकरी भला माणूस. त्याने दोरी काढली. वहिनी जमिनीवर बसल्या, सुटलेली पट्टी ओल्या बोटांनी मऊ केली, आत ओवली, घट्ट ओढली. उठताना माझ्या हातावर भार दिला. एवढाच त्यांचा भार माझ्या वाट्याला आला. पहारेकऱ्याने आभार मानले आणि दोरी पुन्हा लावली.

मित्रांनो, मला पॉलिश नको, दिवा नको. तुमच्याही घरी दाराशी कुणीतरी ट्रे घेऊन उभं असेल. मला चार पाय, पण त्यांच्याकडे एक पाऊलही सरकता आलं नाही. तुम्हाला दोन आहेत. उठा, आणि आधी त्यांना बसवा.