मुखवटेवाला दार ढकलून बघतो

निघताना तिने दाराला कुलूप घातलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि जिन्यापाशी येऊन थबकली. "ढकलून बघितलंस का?" असं मागून कोणी विचारलं नव्हतं. बाबांना जाऊन दोन महिने होत आले होते, तरी कान अजून त्या प्रश्नाची वाट बघायचे. ती मागे फिरली नाही. खाली काका ताटकळत उभे असणार.

हे काका काही सख्खे नव्हेत. तरुणपणी एका सिनेमात बाबा मुखवटेवाल्या नायकाचे डुप्लिकेट होते आणि काका खलनायकाचे. पडद्यावर दोघे एकमेकांच्या जिवावर उठले आणि पुढे जन्मभर एकमेकांच्या घरी जेवले. सिनेमा त्या काळी तुफान चालला. रात्र झाली की नायक काळा झगा चढवायचा, डोळ्यांवर मुखवटा बांधायचा, जुलमी सरदाराची कोठारं लुटायचा, त्याच्या शिपायांना लोळवायचा आणि उजाडायच्या आत पसार व्हायचा. मुखवट्याआड कोण आहे हे गावाला कळत नसे. प्रेक्षकांनाही कळत नसे, आणि त्यावरच बाबांचं पोट होतं. सेटवर सगळे त्यांना 'जुळ्या' म्हणत. "जुळ्या, उठला का रे तुझा भाऊ?" नायकाला उशीर झाला की पहिली हाक हीच.

आपला शॉट कोणता, हे डुप्लिकेटने बाहेर सांगायचं नाही, असा त्या धंद्याचा रिवाज होता. बाबांनी तो घरातही पाळला. लहानपणी टीव्हीवर सिनेमा लागला की ती त्यांच्या मांडीवर बसून विचारायची, "जिन्यावरच्या मारामारीत तुम्हीच ना हो?" बाबा म्हणायचे, "पिक्चर बघ." त्याचा अर्थ तिने 'हो' असा घेतला आणि शाळेत, कॉलेजात, सासरी, ऑफिसात तो जिना बाबांच्या नावावर करून टाकला.

आता तो सिनेमा साफसूफ होऊन पुन्हा थिएटरात येणार होता. पडद्यामागे राबलेल्यांची नावं या वेळी शेवटी द्यायची, असं मालकांनी ठरवलं होतं. अट एकच: कोणी कुठल्या शॉटमध्ये काम केलं ते दाखवायचं आणि त्या वेळचा एक साक्षीदार आणायचा. बाबांचं नाव एकदा, निदान एकदा, पडद्यावर यावं एवढंच तिला हवं होतं. म्हणून ती काकांना घेऊन निघाली होती.

सिनेमा जिथे दुरुस्त होत होता ती खोली बिनखिडकीची आणि गारढोण होती. दुरुस्ती करणाऱ्या बाई शाल पांघरून दोन पडद्यांसमोर बसल्या होत्या. एका पडद्यावर चित्र ओरखड्यांनी भरलेलं होतं, दुसऱ्यावर तेच चित्र स्वच्छ.

"बसा. शाल हवी का? इथे येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा शिंकतोच," बाई म्हणाल्या. तेवढ्यात काका शिंकले. "बघा!"

"जिना लावा बाई," काका खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "मी मरतो ना, तो."

जिना आला. मुखवटेवाला एकेक पायरी मागे सरत लढतोय, झुंबराची दोरी तोडतोय, काकांची तलवार उडवतोय. शेकडो वेळा बघितलेलं होतं, तरी ती खुर्चीत पुढे सरकली.

"हे बाबा," ती म्हणाली.

काकांनी पडद्यावरून नजर काढून आपल्या अंगठ्याकडे बघितलं.

"काका?"

"पोरी, हा जुळ्या नव्हे गं."

"असं काय करता?"

"त्या दिवशी हिरोची बायको आली होती शूटिंग बघायला. बायकोसमोर डुप्लिकेटला लढू देईल का तो? स्वतःच चढला जिन्यावर. आणि हे बघ." काकांनी अंगठा पुढे केला. नखाखाली एक पांढरी रेघ होती. "त्याची आठवण. जुळ्याने मला उभ्या आयुष्यात ओरखडा काढला नाही. हिरोने पहिल्याच फटक्यात काढला. वर बायकोला सांगतो, बघ, खरं रक्त!"

बाई हसल्या; तिच्याकडे नजर जाताच त्यांनी हसू आवरलं.

"मग बाबा कुठे होते?"

"कॅमेऱ्याच्या मागे. हिरोचा झगा धरून."

तिने पडद्याकडे बघितलं. मुखवटेवाला झुंबराला लोंबकळून दात दाखवत हसत होता. इतकी वर्षं ती एका अनोळखी माणसाला जीव लावत आली होती.

"दुसरा एखादा शॉट?" बाईंनी हळूच विचारलं.

"घोड्यावरचा म्हणाल तर आम्ही तिघं डुप्लिकेट आलटून पालटून असायचो. कड्यावरून उडी मारणारा वेगळाच होता. मी आता खोटं कसं सांगू?" काकांचा आवाज खाली आला. "सांगितलं असतं गं. पण जुळ्याने स्वतःच कधी कुठला शॉट आपला म्हटला नाही."

नाव देण्याची गोष्ट तिथेच संपली. पण काका एवढ्या लांबून आले होते आणि त्यांना पुढचं बघायची हौस होती, म्हणून बाईंनी रीळ चालू ठेवलं. ती पर्समध्ये रुमाल शोधत होती. पडद्यावर मुखवटेवाल्याने एका विधवेच्या झोपडीत धान्याचं पोतं ठेवलं आणि तो बाहेर पडला. दिसत होती फक्त पाठ.

त्या पाठीने दार ओढून घेतलं. मग दोन बोटांनी दार ढकललं. मग तळव्याने, जरा जोरात. मग ती पाठ अंधारात निघून गेली.

"थांबा. मागे घ्या," ती म्हणाली.

बाईंनी मागे घेतलं. दार, दोन बोटं, तळवा.

भल्या पहाटे बाबा कामाला निघायचे. ती अंथरुणात अर्धवट जागी असायची. दार बंद व्हायचा आवाज, मग हलकीशी टकटक, मग धप्प. ते धप्प ऐकलं की ती कूस बदलून पुन्हा झोपायची. घराचं दार नीट लागत नसे, म्हणून ती सवय. पुढे घर बदललं, दार चांगलं मिळालं, सवय मात्र राहिली. दवाखान्यात नेतानाही रिक्षा खोळंबली असताना त्यांनी दार ढकलून बघितलं होतं.

काका पुढे झुकून खो खो हसत होते. "अरे, भिंत हलली! बघ बघ! प्लायवूडचं दार ते. त्याला एवढ्या जोरात ढकलतात का? अख्खी झोपडी डुलली!"

"हो ना," बाई म्हणाल्या. "म्हणून हा तुकडा कापायचा ठरलंय. लोक हसतील. लुटारू पळून जाताना दार लागलंय का बघतो, आणि भिंत हलते. तसा कथेत याचा काही उपयोगही नाही."

"हा कोण आहे, काका?"

"कोणास ठाऊक. पाठीसाठी हिरो कशाला थांबेल? त्या दिवशी मीही नव्हतो."

म्हणजे साक्षीदार नव्हता. दोन बोटांवर कोणाचं नाव पडद्यावर येत नाही, हे तिलाही कळत होतं. 'हे माझे बाबा आहेत' हे वाक्य अगदी ओठांवर आलं. जिन्यासाठी ते तिने सगळ्या जगाला ऐकवलं होतं. आज पहिल्यांदाच ते खरं होतं आणि ते सांगावंसं वाटेना.

"तेवढं कापू नका," ती म्हणाली.

"का बरं?"

"हसू देत की लोकांना."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. मग शाल सावरली आणि पुन्हा एकदा, कोणी न सांगता, तो तुकडा मागे घेतला. "मालकांना मी सांगते," त्या म्हणाल्या. "हलणारी भिंत हवी असते लोकांना जुन्या सिनेमात."

काकांनी तिच्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. काहीतरी त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण निघताना त्यांनी त्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि दोन बोटांनी ढकलून बघितलं.

सिनेमा लागला तेव्हा ती दुपारच्या खेळाला एकटीच गेली. काकांना बोलावलं नाही, नवऱ्याला सांगितलं नाही. थिएटर अर्धं भरलं होतं. जिन्यावर टाळ्या पडल्या. तिने हात मांडीवरच ठेवले.

मग झोपडी आली. दार. दोन बोटं. तळवा. भिंत डुलली आणि सगळं थिएटर एकदम हसलं. मागची पोरं, पुढची म्हातारी जोडपी, सगळी. असं हसू बाबांच्या वाट्याला कधी आलं असेल असं तिला वाटेना. ते पडद्यावर पाठमोरे अंधारात चालले होते आणि त्यांना काही ऐकू जात नव्हतं.

शेजारच्या बाई डोळे पुसत तिच्याकडे वळल्या. "बघितलंत? लुटारू असून दार ढकलून बघतोय! कोणाच्या घराची एवढी काळजी?"

"आत कोणीतरी झोपलेलं असेल," ती म्हणाली.