डाव्या बाजूचं दार

बाळ सात महिन्यांचं झालं तेव्हा मी सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, आता माझी हातोडी द्या."

"हातोडी काय पळून जातेय? टेबलावर बस, फोन घे. एक झोप तरी सलग होते का तुझी?"

आमचं गॅरेज जुन्या गाड्यांचं. पन्नास-साठ वर्षांच्या गाड्या येतात, पोचे पडलेल्या, गंजलेल्या, आणि न्हाऊनमाखून बाहेर पडतात. मी इथे आधी पत्रा ठोकायला शिकले, सून नंतर झाले. फोनवर कशी मानणार? तीन दिवस भुणभुण केली, तेव्हा बाबांनी एका हिरव्या गाडीचं डावं दार काढून माझ्यासमोर स्टँडवर टेकवलं.

"हे तुझं. ठोकायचं तू, भरायचं तू. माझं लोहचुंबक सगळीकडे चिकटलं, तर उद्यापासून कामावर. घसरलं, तर टेबल."

पत्र्यावरचे खड्डे भरायच्या लगद्याला आमच्यात लांबी म्हणतात. ट्यूबमधला लाल हार्डनर कालवला की ती दहा मिनिटांत दगड होते. थर जाड झाला की चुंबकाला पत्रा सापडत नाही आणि ते खाली पडतं. बाबांचं म्हणणं ठरलेलं, "लांबी म्हणजे पावडर. पावडरीने गालाचा खड्डा भरतात का?"

त्या दारात आधीच्या कुणी महाभागाने बोटभर जाड लांबी थापली होती. ती मी खरवडून काढली. मग बाळ झोपलं की मी दाराशी. आतून लोखंडी ठोकळा धरायचा, बाहेरून हलके ठोके द्यायचे, तळवा फिरवायचा, परत ठोकायचं. ठोक्यांनी बाळ उठेल अशी सगळ्यांना भीती. बाळ उठायचं ते मी ठोकायची थांबले की.

अकरा दिवसांनी पत्रा जागेवर आला असं वाटलं. वाटलंच फक्त. खात्री म्हणून होईना.

त्या दिवशी सकाळी डोळ्यांत वाळू होती, कारण बाळाला दात येत होता आणि रात्रभर जागरण झालं होतं. मी कालवायच्या पाटीवर लांबीचा गोळा काढला, आणि मागच्या घरातून रडण्याचा सूर लागला. सासूबाई दारातून म्हणाल्या, "अगं, माझं नाही ऐकत. तिला तूच हवीस."

बाळाला पाजलं, ढेकर काढला, धावत परत आले. लांबी ओढायची पत्ती उचलली आणि लावत सुटले. काय सुरेख लागत होती! लोण्यासारखी. चुंबकाची भीती होतीच, पण खड्डा दिसायची भीती त्याहून मोठी, म्हणून वर अजून एक हात मारला. एवढ्या वेळाने लांबी लोण्यासारखी कशी, हा प्रश्न कुठल्याही शहाण्या माणसाला पडला असता.

अर्ध्या तासाने बाबा चुंबक खिशात घालून आले. नवराही रंगाची बंदूक धुता धुता पाहायला आला. बाबांनी दारावर नख टेकवलं. नख आत गेलं.

"हार्डनर?"

मी पाटीकडे पाहिलं. ट्यूबचं सीलसुद्धा तुटलेलं नव्हतं.

मग बाळाला कडेवर घेतलेल्या सासूबाई फिसकन हसल्या. "याच्या वेळी मी वाळलेले कपडे पुन्हा भिजवले होते. एकदा नाही, तीनदा!"

"म्हणून मी लहानपणी ओलाच असायचो," नवरा म्हणाला. मला मात्र रडू फुटायच्या बेतात होतं.

"बाजूला हो," बाबा म्हणाले. त्यांनी पत्ती घेतली आणि माझी सगळी मेहनत खरवडून पाटीवर टाकली. थिनरच्या फडक्याने पत्रा पुसला, आणि सवयीने तळवा फिरवला. आडवा. मग उभा. मग डोळे मिटून परत आडवा. हाताच्या शिरा तेवढ्या हलत होत्या.

"पोचा कुठे होता?"

"इथे," मी बोट ठेवलं.

"इथे?" त्यांनी परत हात फिरवला. मग एकदम खेकसले, "मग यावर एवढं थापलंस कशाला? अगं, याला नखाएवढी पुरे! स्वतःच्या हातावर भरवसा नाही तुझा?"

इतकी गोड बोलणी मी जन्मात खाल्ली नव्हती.

"अरे ये, हात लाव इकडे," त्यांनी मुलाला बोलावलं. त्याने हात लावला आणि माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उडवल्या.

मग बाबांनी स्वतः ट्यूब फोडली. मी कालवली. राखाडीत लाल रेघा फिरल्या, विरल्या, सगळा रंग एक झाला. दोनच हात मारले, पापुद्र्यासारखे. लांबी धरू लागली की गरम होते. मी त्यावर तळवा ठेवला, तर ती कोमट, झोपून उठलेल्या लेकीच्या पाठीसारखी.

घासून झाल्यावर चुंबक लावलं. वर चिकटलं, मध्ये चिकटलं, खाली चिकटलं. बाबांना ते ओढून काढावं लागलं.

"उद्या बॉनेट," ते म्हणाले. "सकाळी नऊला ये."

"नऊला ती जागी असते, बाबा."

त्यांनी नातीकडे पाहिलं. ती चुंबकाकडे हात पसरून ओरडत होती.

"बरं," ते म्हणाले, "तिला विचारून वेळ कळव."