हॉर्नच्या पट्टीवरचा रंग

बोरीत सटवाजी पेंटरचं अक्षर कोणी पाहिलेलंच नव्हतं, असं म्हटलं तर गाव अंगावर येईल. दुकानांच्या पाट्या, शाळेतला सुविचार, भिंतीवरचा कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण, सगळं त्याच्याच हातचं. पण लोक पाटी वाचतात. अक्षर कोण बघतो? वीस वर्षांत एकानंही त्याच्या कामासमोर थांबून 'वा' म्हटलं नव्हतं. हे दुःख त्यानं कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोक हसले असते, आणि हसायला बोरीकरांना निमित्त लागतंच असं नाही.

पंच्याऐंशी साली ईश्वरअप्पांच्या डोक्यानं गाडीचं घेतलं. अप्पा गावातले कापडाचे व्यापारी. त्यांच्या वडिलांनी निजामाच्या अमदानीत घेतलेली मॉरिस मोटार अठरा वर्षं कडब्याखाली पडून होती. तिला दसऱ्याला रस्त्यावर आणायचीच, असं त्यांनी जाहीर केलं. परभणीच्या मिस्त्रीनं इंजिन उघडलं, जिंतूरच्या नागनाथनं वायरिंग धरलं आणि रंगाचं काम सटवाजीकडं आलं.

सटवाजीनं जीव ओतला. सुटा होईल तो प्रत्येक भाग घासून त्यानं काळ्या रंगाचे चार-चार हात दिले. धूळ बसू नये म्हणून गोठ्यात धोतरांचा तंबू केला. सीटच्या खाली, पट्ट्यांच्या मागं, जिथं कोणाची नजर जन्मात जाणार नाही तिथंही रंग. "आपल्या दाराला कधी एक हात दिला न्हाई तुमी," बायको मनकर्णा म्हणाली. तेही खरंच होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी जोडून झाली. इंजिन सुरू झालं. अप्पांनी मोठ्या ऐटीत हॉर्न दाबला. हॉर्न गप्प, पण पुढचे दोन्ही दिवे हळूच मिणमिणले. परत दाबला, परत तेच.

"अप्पा, गाडी डोळा मारायलीय की!" जमलेली मंडळी पोट धरून हसली.

"वायरिंगच कच्चं हाय," सटवाजीनं लगेच निकाल दिला.

नागनाथनं अप्पांना हॉर्न दाबून धरायला सांगितलं. त्यानं एक सुटी वायर काढली, तिचं एक टोक बॅटरीला आणि दुसरं हॉर्नच्या उघड्या स्क्रूला टेकवलं. हॉर्न असा ओरडला की कोंबड्या भिंतीवर चढल्या. वायर काढली, की पुन्हा चिडीचूप.

"हॉर्न चांगला हाय, वायरिंग बी चांगलं हाय," नागनाथ म्हणाला. "करंट वायरनं येतो आन् गाडीच्या पत्र्यातून माघारी जातो. त्याला अर्थिंग म्हनत्यात. हॉर्न ज्यावर बसवलाय ती पट्टी पत्र्याला उघडी टेकतच न्हाई, मधी पेंटरसाहेबांचे चार हात हायेत. वाट मिळंना म्हणून करंट दिव्यातून पळायलाय. पाच जागी रंग खरवडावा लागंल."

"येगळ्या वायरी टाक की!"

"पाच वायरी बॅटरीपस्तोर लोंबत्या सोडू? लगीनघर हाय का हे?"

"माझ्या रंगाला कानस लावायची न्हाई." सटवाजी गाडीपुढं आडवा झाला.

"अरे, बोल्टाखालचा रंग. कोन बघनार?"

"मी बघितलाय."

सगळ्यांनी अप्पांकडं पाहिलं. गाडी त्यांची, ते नुसतं 'खरवड' म्हणाले असते तरी भागलं असतं. पण कारागिराच्या कामाला त्याला विचारल्याबिगर हात लावायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत होती. "रंग तुझा हाय, सटवाजी," ते म्हणाले. "तू म्हनशील तवाच."

सटवाजीनं फडक्यानं हॉर्नची पट्टी पुसली आणि तो घरी गेला.

दसऱ्याला गाडी झेंडूच्या माळा घालून तशीच मुकी निघाली. अप्पांच्या शेजारी नवा सदरा घातलेला सटवाजी, मागं हत्यारांच्या पिशवीसकट नागनाथ. आज गाव आपला रंग बघणार म्हणून सटवाजीला रात्रभर झोप नव्हती. पण गाडी मागून येतेय हे कळणार कसं? लोक पाठ करून चालत होते. अप्पा बाहेर डोकावून "होऽ, होऽ" ओरडले, तर लोकांना वाटलं अप्पा रामराम घालायलेत. चालता चालताच हात वर करून ते पुढं बघत गेले.

बाजाराच्या तोंडाशी पुढं आश्रुबाची बैलगाडी होती. अप्पांनी उजवीकडून मोटार काढली आणि नेमके आश्रुबानंही बैल उजवीकडं वळवले. चाकाच्या आखाचं टोक डाव्या मडगार्डवरून कर्रकन फिरलं. वीतभर पांढरा ओरखडा.

"वाजवायचं की, अप्पा!" आश्रुबा खाली उतरून ओरडला. "मला काय मागं डोळे हायेत?"

अप्पा सटवाजीला एक शब्दही बोलले नाहीत. त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. खाली उतरून त्यानं ओरखड्यावरून बोट फिरवलं. डोळे भरून आले. बोल्टाखालचा रंग शाबूत राहिला होता आणि गाडीचं तोंड खरचटलं होतं.

"नागनाथ, कानस काढ."

नागनाथ कानस घेऊन पुढं झाला.

"हिकडं दे. माझ्या रंगाला मीच लावतो."

भर रस्त्यात, उन्हात, सटवाजीनं हॉर्नची पट्टी सोडवून खालचा रंग खरवडला. बोल्टाच्या वायसरच्या, त्या चकतीच्या मापाचा नितळ गोल, त्याच्या बाहेर केसभरही नाही. मग दिव्यांच्या बुडाशी, तसाच. पाच जागा झाल्या, बोल्ट आवळले. नागनाथनं वाकून बघितलं. "असलं साफ काम मला बी जमत न्हाई," तो म्हणाला, आणि ते त्यानं मनापासून म्हटलं.

अप्पांनी हॉर्न दाबला.

अख्खा बाजार वळला. बांगड्या भरणाऱ्या बाया वळल्या, चहाच्या बशा ओठाशी थांबल्या, आश्रुबाच्या बैलांनीही माना फिरवल्या. वळल्यावर त्यांना गाडी दिसली. दिसली ती दिसलीच. काळ्याभोर दारात ज्याचं त्याचं तोंड उमटत होतं. एक म्हातारा जवळ आला आणि दारात बघून त्यानं आपला पटका नीट केला. "कुनी केलं रं हे?" त्यानं विचारलं.

"आपल्या सटवाजी पेंटरनं," नागनाथ म्हणाला.

लोक गाडीभोवती उभे होते आणि कोणाचाच पाय हलत नव्हता. सटवाजी हातात कानस धरून खिडकीशी आला.

"अप्पा," तो हळूच म्हणाला, "अजून एकदा दाबा की."